संगोळ्ळी रायण्णा: खानापूर-बेळगाव भागातल्या मराठी माणसांचे नेहमीचे प्रश्न

मी खानापूर तालुक्यातला. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, असं आमचं सगळं. जानेवारी आला की आणि ऑगस्ट आला की ओळखीतली पोरं, शिक्षक, कधी कोल्हापूर-पुण्याचे पाहुणे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. काही उत्तरं लांब झाली आहेत, पण ती लांबच व्हायला पाहिजे होती.

रायण्णा नेमका कोण?

आत्ताच्या बेळगाव जिल्ह्यात, बैलहोंगल तालुक्यात मलप्रभेच्या काठी संगोळ्ळी नावाचं गाव आहे, तिथला तो. जन्म १७९८ चा मानतात. वडील भरमप्पा, आई केंचव्वा, घराणं रोगण्णवर. कित्तूर संस्थानाचा शेतसनदी शिपाई. १८२४ मध्ये कंपनी सरकारनं कित्तूर खालसा केलं, आणि त्यानंतर पाचेक वर्षांनी यानं गावागावातली माणसं गोळा करून इंग्रजांच्या कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले, जंगलात राहून लढला. फितुरीनं पकडला गेला आणि २६ जानेवारी १८३१ ला त्याला आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिली. वय तेहतीसच्या आत.

शेतसनदी म्हणजे काय? शिपाई म्हणजे पगारी सैनिक का?

नाही, आणि हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण हे कळल्याशिवाय रायण्णा कळतच नाही. शेत अधिक सनद, शेतसनदी. शब्द बघा, अर्धा आपला मराठी आणि अर्धा दरबारी, आणि कन्नड माणूस पण हाच शब्द वापरतो. राजानं किंवा देसायानं गावातल्या एका घराला जमिनीचा तुकडा लावून द्यायचा, त्यावर सारा नाही किंवा अगदी किरकोळ, आणि त्याबदल्यात त्या घरानं गावची राखण करायची, चोरचिलट बघायचं, वसूल झालेला सारा तालुक्याला पोचवायचा, सरकारी निरोप न्यायचे-आणायचे, आणि लढाईचं बोलावणं आलं की ढाल-तलवार घेऊन निघायचं. पगार म्हणून रोख काही नाही, जमीन हाच पगार. बापानंतर मुलगा, मुलानंतर नातू.

आता विचार करा की संस्थान बुडालं. नवीन सरकार येतं, त्याला गावच्या तलवारवाल्यांची गरज नाही कारण त्याची स्वतःची फौज आहे, मग ते म्हणतं ही जमीन तुमच्याकडं कशी काय, सारा भरा. रायण्णाची बरीचशी जमीन सरकारजमा झाली आणि जी राहिली तिच्यावर भरमसाट सारा बसला. म्हणजे एका फटक्यात नोकरी गेली, शेत गेलं आणि गावातला मान पण गेला. ज्यांच्या घरातली इनामं, वतनं गेली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आमच्याच घरात आज्जा जुना कागद गुंडाळून लाकडी पेटीत ठेवायचा, वाचता कुणालाच यायचा नाही कारण मोडीत होता, तरी दर दसऱ्याला तो पेटीतून काढून हळदीकुंकू लावायचा आणि परत ठेवायचा. सनद म्हणजे काय हे मला तिथं कळलं.

कित्तूरचं प्रकरण थोडक्यात सांगाल का?

कित्तूरचे मल्लसर्ज देसाई १८१६ मध्ये गेले. त्यांची राणी चन्नम्मा, जी आपल्या बेळगावच्या शेजारच्या काकतीची. मल्लसर्जांचा मुलगा शिवलिंगरुद्रसर्ज सप्टेंबर १८२४ मध्ये वारला, मूल नव्हतं, जायच्या आधी शिवलिंगप्पा नावाचा मुलगा दत्तक घेतलेला. धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे म्हणाला दत्तक मान्य नाही, आणि खजिन्याला कुलुपं लावायला आला. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरकरांनी किल्ल्याचे दरवाजे उघडून हल्ला केला त्यात थॅकरेच मारला गेला. (हा थॅकरे म्हणजे पुढं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कादंबरीकाराचा चुलता.) दोन इंग्रज अधिकारी कैद झाले, इलियट आणि स्टिव्हन्सन, त्यांना राणीनं जिवंत ठेवलं आणि पुढं सोडलं. मग मोठी फौज आली, डिसेंबरच्या सुरुवातीला किल्ला पडला. त्या लढाईत सोलापूरचा सब-कलेक्टर मन्रो मेला, तो मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याचा पुतण्या. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं, तिथंच फेब्रुवारी १८२९ मध्ये ती गेली.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, १८१८ मध्ये थॉमस मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला तेव्हा कित्तूरकरांनी कंपनीला मदत केली होती, आणि सहाच वर्षांत त्याच कंपनीनं त्यांचं दार बंद केलं. दोन, दत्तक नामंजूर म्हटलं की आपल्याला डलहौसी, सातारा, झाशी आठवतं. सातारा खालसा झालं १८४८ ला. कित्तूर त्याच्या चोवीस वर्षं आधी. हा वार आधी इथं झाला, आपल्या दाराशी, आणि आपल्या पोरांना मात्र फक्त झाशी माहीत असते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रायण्णा १८२४ च्या लढाईत होता का?

होता. लढला, पकडला गेला, मग इतरांबरोबर सुटला. पण त्याचं नाव झालं ते नंतरच्या उठावामुळं.

मग १८२९-३० मध्ये त्यानं नक्की केलं काय?

उद्देश सरळ होता: दत्तक शिवलिंगप्पाला कित्तूरच्या गादीवर परत बसवायचं. त्यासाठी त्यानं माणसं जमवली ती कुठून? त्याच्यासारखेच शेतसनदी, ज्यांची जमीन गेलेली, गावातले कष्टकरी, साऱ्यानं पिचलेले कुणबी. कन्नड परंपरेत त्याच्या साथीदारांत गजवीर नावाचा सिद्दी योद्धा सांगतात, म्हणजे हल्याळ-खानापूरच्या जंगलात आजही आपल्या शेजारी राहणाऱ्या सिद्दी लोकांपैकी एक. बिच्चुगत्ती चन्नबसप्पाचं नाव तर सगळेच घेतात.

पैसा उभा केला तो सावकार-जमीनदारांकडून वसुली करून. इंग्रजांशी जुळवून घेऊन बसलेल्या घरांकडं त्याची नजर आधी गेली. बिडीची कचेरी जाळली, हे जानेवारी १८३० च्या सुरुवातीचं. बिडी म्हणजे खानापूरहून कित्तूरकडं जाताना लागणारं तेच बिडी, तेव्हा मोठं सरकारी ठिकाण होतं. नंदगडकडं मोर्चा वळवला. संपगावचा खजिना हे पण त्याचं लक्ष्य होतं. समोरासमोर मोठ्या फौजेशी भिडायचं नाही, रात्री यायचं, काम करायचं आणि उजाडायच्या आत जंगलात. आपण ज्याला गनिमी कावा म्हणतो तोच. आणि जंगल कुठलं तर आपलंच, खानापूरच्या पश्चिमेकडचं आणि दक्षिणेकडचं, जिथं आज पण पावसाळ्यात चार हात पुढचं दिसत नाही. ज्यानं लोंढा, नागरगाळी भागात जूनमध्ये पायी चालून बघितलंय त्याला कळेल की गोऱ्या पलटणीला तिथं एक माणूस शोधणं किती अवघड गेलं असेल, पायाला जळवा, अंगावर ओला कपडा, आणि समोरच्याला मात्र प्रत्येक नाला ओळखीचा.

यात मला एक गोष्ट वारंवार जाणवते. त्यानं कचेऱ्या का जाळल्या? कचेरीत दप्तर असतं. कुणाची जमीन, किती सारा, किती थकबाकी, कोण शेतसनदी आणि कोण नाही, सगळं त्या दप्तरात. कित्तूर गेलं ते दत्तकाचा कागद मानला नाही म्हणून, त्याचं शेत गेलं ते सनदेचा कागद मानला नाही म्हणून. मग त्यानं पण त्यांच्या कागदालाच आग लावली. आज आपण पहाणी उतारा (तिकडचा सातबारा) काढायला रांगेत उभारतो, नावात एक अक्षर चुकलं तर सहा महिने चकरा मारतो, तेव्हा मला त्याचा राग चांगलाच समजतो.

इंग्रज त्याला दरोडेखोर म्हणायचे, मग आपण वीर कसं म्हणायचं?

सरकारच्या बाजूनं बघितलं की खजिना लुटणारा प्रत्येक माणूस दरोडेखोरच. प्रश्न हा विचारायला पाहिजे की लुटलं कुणाला आणि लपवलं कुणी. लुटला सरकारी खजिना आणि धनदांडगे, आणि महिनोन् महिने खायला-लपायला दिलं ते गावकऱ्यांनी. नुसत्या लुटारूला गाव इतके दिवस सांभाळत नाही.

आणि ही एकट्या कित्तूरची गोष्ट नाही. त्याच वर्षांत तिकडं पुरंदरच्या डोंगरात उमाजी नाईक. त्यांचंही तसंच, रामोशी लोकांकडं गडकोटांची राखण आणि त्याबद्दलची वतनं, इंग्रज आले आणि ती गेली. उमाजींना पुण्यात ३ फेब्रुवारी १८३२ ला फाशी झाली, म्हणजे रायण्णानंतर एक वर्ष आणि आठ दिवसांनी. दोघं कधी भेटले नाहीत, भाषा वेगळी, पण दोघांचं दुखणं एकच. मग १८४४ मध्ये गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर गडकऱ्यांनी बंड केलं ते पुन्हा तेच, पिढ्यान् पिढ्या गड सांभाळणाऱ्यांची चाकरी आणि जमीन काढली म्हणून. नकाशा काढून बघा, पुरंदर, सामानगड, कित्तूर, एकाच पट्ट्यात वीस वर्षांत एकच आग तीनदा लागलीय. आम्ही सीमाभागातले दोन्हीकडच्या गोष्टी ऐकत वाढलो म्हणून आम्हाला हे लगेच दिसतं.

आईच्या पाठीवर दगड ठेवला म्हणून तो पेटला, हे खरं का?

लोक असंच सांगतात. सारा थकला म्हणून गावच्या कुलकर्ण्यानं केंचव्वाला ओणवं उभं केलं आणि पाठीवर दगड ठेवला, रायण्णा घरी आला आणि हे कळलं, मग त्यानं तलवार उचलली. ही लोककथा आहे, म्हणून तारखेसारखी सांगू नका. पण त्या काळी थकबाकीदाराला उन्हात उभं करणं, ओणवं करून पाठीवर धोंडा देणं ही सारावसुलीची ठाऊक असलेली पद्धत होती, तेव्हा कथा हवेतनं आलेली नाही. मी लहानपणी ही गोष्ट ऐकली ती भात मळताना, सांगणारी बाई कन्नड घरातली, आमच्याकडं मजुरीला यायची, आणि दगडाचं सांगताना तिनं स्वतःच कमरेत वाकून दाखवलं, हात गुडघ्यावर ठेवून, आणि तशीच थोडा वेळ राहिली. खळ्यावर कुणी काही बोललं नाही.

पकडला कसा गेला?

एप्रिल १८३० मध्ये. फौजेनं नाही, घरच्यासारख्या झालेल्या माणसांनी. कन्नड परंपरा खोदानपूरचा लिंगनगौड आणि नेगिनहाळचा वेंकनगौड अशी नावं घेते, ही स्थानिक बडी घरं, इंग्रजांच्या बाजूची. त्यांनी आपली माणसं त्याच्या टोळीत घुसवली. अळणावरकडच्या जंगलात डोरी-बेणचीच्या ओढ्यावर तो आंघोळीला उतरला. असं सांगतात की तलवार ज्याच्या हातात दिली होती त्याच्याकडं मागितली आणि त्यानं ती द्यायच्या ऐवजी लांब केली. ओल्या अंगानं, हातात काही नसताना धरला गेला.

फाशी बेळगावात झाली का धारवाडला?

दोन्हीकडं नाही, नंदगडला. ही चूक मी मोठ्या माणसांच्या भाषणात पण ऐकली आहे. आणि "बेळगाव जिल्ह्यात बंड केलं" हे पण तेव्हाच्या हिशेबानं बरोबर नाही, कारण तेव्हा बेळगाव नावाचा जिल्हाच नव्हता, तो १८३६ मध्ये धारवाडमधून वेगळा काढला. रायण्णाची सगळी धावपळ धारवाडच्या कलेक्टरच्या हद्दीत.

नंदगडच का निवडलं?

नंदगड तेव्हा गोव्याकडच्या व्यापाराची मोठी पेठ. तांडे यायचे, माणसांची ये-जा. मला वाटतं ज्या मुलखात त्यानं सरकारला सळो की पळो केलं तिथल्याच लोकांनी बघावं म्हणून तिथं नेलं. झालं उलटंच, लोकांनी बघितलं आणि आजतागायत विसरले नाहीत.

त्या वडाच्या झाडाचं काय आहे?

दोन झाडांची गल्लत होते. गावापासून थोडं लांब, साधारण चारेक किलोमीटरवर जिथं फाशी दिली तो एक वड. आणि नंदगडजवळ जिथं त्याला पुरलं, त्या समाधीवरचा वड दुसरा. समाधीवरचा वड त्याचा सोबती बिच्चुगत्ती चन्नबसप्पानं लावला असं म्हणतात. वेष बदलून, फकीर होऊन आला आणि रोप लावून गेला. शेजारी आता अशोकस्तंभ आहे.

पहिल्यांदा मला आज्जी घेऊन गेली तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. नंदगडच्या बाजाराला आलो होतो, पिशवीत मिरच्या आणि सुकी मासळी, आणि आज्जी म्हणाली, "चल रे, रायण्णाच्या पाया पडून येऊ." झाडाच्या पारंब्यांना, फांद्यांना छोटे छोटे लाकडी पाळणे बांधलेले, काही नवे रंगवलेले लाल-पिवळे, काही पावसानं काळे पडून एका बाजूला लोंबणारे, एकात तर मुंग्यांनी घर केलेलं. मूल होत नाही त्या बायका नवस बोलून पाळणा बांधतात. कन्नड बायका बांधतात, मराठी बायका पण बांधतात, आमच्या भावकीतल्या एका काकीनं बांधला होता हे मला त्याच दिवशी कळलं. आज्जीनं बुंध्याला कुंकू लावलं, मला हात जोडायला लावले आणि परत निघताना एवढंच म्हणाली की ह्यानं आपल्यासारख्यांसाठी जीव दिला. आज्जीला कन्नड चार शब्दांपलीकडं यायचं नाही. तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं की रायण्णा कुणाचा आहे.

१५ ऑगस्टला जन्म आणि २६ जानेवारीला मरण, हा योगायोग का जुळवून आणलेलं?

२६ जानेवारी १८३१ ही फाशीची तारीख आहे, ती कुणी जुळवायचा प्रश्न नाही. जयंती १५ ऑगस्टला पाळतात. आपल्या तालुक्यातल्या शाळेत प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन झालं की पोरं तशीच नंदगडला जातात, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात, खिशाला झेंड्याचा बिल्ला.

तो धनगर होता का?

कुरुब समाजातला. कुरुब आणि आपले धनगर यांचं नातं जवळचं, मेंढरं तीच, घोंगडं तेच, देव बिरोबा तिकडं बीरेश्वर. त्यामुळं सीमेच्या अलीकडं-पलीकडं दोन्हीकडच्या धनगरवाड्यांत रायण्णाचा फोटो दिसतो. पण त्याच्या टोळीत सगळ्या जातीचे होते, आणि ज्या गादीसाठी तो लढला ती लिंगायत देसायांची, हे पण सांगितलं पाहिजे.

त्याच्यावर जुने पोवाडे आहेत म्हणतात ते खरं का?

होय की, आणि ते सरकारी कागदाइतकेच महत्त्वाचे. कन्नडमध्ये लावणी आणि गीगी पदं म्हणतात. (त्यांची लावणी म्हणजे आपली लावणी नव्हे, आपल्या पोवाड्याच्या जवळची.) आपल्या शाहिराकडं डफ आणि तुणतुणं, त्यांच्याकडं पण डफ आणि तुणतुणं, मागचे जी जी जी म्हणतात तिथं त्यांचे गी गी म्हणतात. जॉन फेथफुल फ्लीट नावाचा इंग्रज अधिकारी होता, शिलालेखांचा मोठा अभ्यासक, त्यानं १८८० च्या दशकात या भागातली कन्नड गाणी जमवून छापली, त्यात रायण्णाच्या बंडाचं गाणं आहे. म्हणजे फाशीनंतर पन्नास वर्षांनी पण लोक ते गात होते आणि ज्या सरकारनं फाशी दिली त्याच्याच अधिकाऱ्याला ते लिहून घ्यावं लागलं.

जत्रेत कधी गीगी पद लागलं तर भाषा अर्धी कळली तरी थांबा आणि ऐका. डफावर थाप पडली की अंगावर काटा येतो, त्याला भाषा लागत नाही.

तो कन्नड लोकांचा हिरो, मराठी माणसानं त्याचं कशाला करायचं?

हा प्रश्न मला थेट विचारला गेलाय, रागानं विचारला गेलाय, म्हणून उत्तर पण थेट देतो. फाशी आपल्या तालुक्यात, समाधी आपल्या तालुक्यात, आजूबाजूची गावं बहुतेक मराठी बोलणारी. ज्या शेतसनदी पद्धतीसाठी तो लढला ती आपल्या घरांत पण होती. ज्या जंगलानं त्याला लपवलं तिथल्या वाड्यांवर मराठी-कोकणी बोलणारी माणसं राहायची. मग तो परका कसा?

मला माहीत आहे की १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यापासून आपल्या मनात काय आहे. ते दुखणं खरं आहे, मी पण त्यातलाच आहे, १ नोव्हेंबरचा काळा दिवस आमच्या घरात पाळला जातो. पण त्याचा राग रायण्णावर काढायचा? तो मेला तेव्हा कर्नाटक नव्हतं, महाराष्ट्र नव्हता, समोर एकच होता, कंपनी सरकार.

पिरनवाडीचा आणि अनगोळचा वाद काय होता?

ऑगस्ट २०२० मध्ये बेळगावजवळ पिरनवाडीत शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळ रात्रीत रायण्णाचा पुतळा बसवला, त्यावरून वातावरण तापलं, शेवटी दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना बसवून मिटवलं, चौकाला महाराजांचं नाव आणि रायण्णाचा पुतळा पण तिथंच. मग डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूत महाराजांच्या पुतळ्यावर काळं ओतलं आणि त्याच दिवसांत इकडं अनगोळला रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली.

त्या आठवड्यात माझ्या पुतण्याच्या कॉलेजात एका बाकावर बसणारी पोरं एकमेकांशी बोलेनाशी झाली. एक कन्नड पोरगा रोज आमच्या पुतण्याच्या डब्यातली भाकरी खायचा तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. पंधरा दिवस. मला त्या मोडतोडीचा संताप आला, दोन्हीकडच्या, आणि जास्त राग आला तो दोन वीरांना समोरासमोर उभं करणाऱ्यांचा. महाराज १६८० मध्ये गेले, रायण्णा १७९८ मध्ये जन्मला, मध्ये एकशे अठरा वर्षं. त्यांचं भांडण असणं शक्य तरी आहे का? उलट डोंगर-जंगलाचा आधार घेऊन बलाढ्य शत्रूला जेरीस आणायची जी रीत महाराजांनी या सह्याद्रीत रुजवली, तीच रीत हा शेतसनदी दीडशे वर्षांनी वापरत होता.

मुलाला शाळेत प्रोजेक्ट दिलाय, काय लिहावं?

वर दिलेल्या तारखा पुरेशा आहेत. फक्त नेहमीच्या चुका टाळा. रायण्णा १८५७ च्या लढ्यात नव्हता, त्याच्या आधी सव्वीस वर्षं गेला. राणी चन्नम्मा त्याचं बंड बघायला जिवंत नव्हती, तिच्या मरणानंतर उठावानं जोर धरला. थॅकरेला रायण्णानं मारलं असं पण लिहितात, ते चूक, परंपरा अमटूर बाळप्पाचं नाव सांगते. आणि पोराला सांगा की शेतसनदी ह्या शब्दाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिही, तेवढं जमलं की बाकी सगळं जमलं.

त्याच्या नावानं आज काय काय आहे?

बेंगळुरूचं मुख्य रेल्वे स्टेशन क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाच्या नावानं आहे, आपल्या पोरांचं बेंगळुरूचं तिकीट काढताना हेच नाव येतं. संगोळ्ळीत त्याच्या नावाची सैनिक शाळा. बेळगावात कॉलेज. संगोळ्ळीला छोटं देऊळ आहे, मूर्तीच्या दोन्ही बाजूंना तालमीत वापरतात तशी जड लाकडी वजनं, त्यातलं एक त्यानं स्वतः व्यायामाला उचललेलं म्हणतात. तालमीची आवड असेल त्यानं ते बघायलाच पाहिजे.

जायचं कसं आणि कधी?

नंदगडला जायला खानापूर गाठा. बेळगावहून लोंढ्याकडं जाणारी रेल्वे खानापूरला थांबते, बस तर भरपूर. खानापूर स्टँडवरून नंदगडची बस मिळते, हल्याळकडं जाणारी पण चालते, अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. २६ जानेवारीला गर्दी असते, शांतपणे बघायचं असेल तर दुसरा कुठलाही दिवस धरा. संगोळ्ळीचा उत्सव जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याला बैलहोंगलवरून जायचं. कित्तूर बेळगाव-धारवाड हायवेवर आहे, किल्ल्यात पडका वाडा आणि म्युझियम, २३ ऑक्टोबरच्या सुमारास उत्सव. तिन्ही एका दिवसात करायचा असेल तर स्वतःची गाडी पाहिजे आणि पहाटे निघायला पाहिजे, पण मी म्हणेन बिडीवरून जा, आणि बिडीत पाच मिनिटं उतरून चहा घ्या, कारण जाळलेली कचेरी तिथली.

समाधीपाशी काही नियम आहेत का?

चपला बाहेर. पारंब्यांना लोंबकळू नका, पोरं लोंबकळतात आणि पाळणे तुटतात. खाली पडलेला पाळणा दिसला तर पायाखाली येऊ देऊ नका, उचलून परत फांदीला अडकवा, कुणाचा आहे ते विचारत बसू नका.